कौलं, पत्रा आणि भीड

पत्र थोडक्यात: डोंबिवलीच्या एक वाचक, वय 54. संगमेश्वर तालुक्यात माहेरचं कौलारू घर, 44 बाय 25 फुटांचं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, 79 वर्षांची आई तिथे एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात माजघरात आणि स्वयंपाकघरात पाणी ठिबकलं. वानरं येऊन कौलं फोडतात ते वेगळंच. भाऊ कॅनडात असतो. निम्मा खर्च देणार आहे, पण ‘वॉरंटी देणाराच बघ’ म्हणतो. माणसं दोन समोर आहेत. एक, वडिलांच्या वेळचे गावातले मिस्त्री, साठीच्या पुढचे: ‘कौलं चाळू (उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवू), चार वासे बदलू, दोन-अडीच लाखांत होऊन जाईल.’ कागद नाही. दुसरा, चिपळूणचा फॅब्रिकेशनवाला: कौलं-लाकूड सगळं उतरवून लोखंडी सांगाडा आणि रंगीत पत्रा, 1,650 चौरस फूट, 280 रुपये दराने 4 लाख 62 हजार, जीएसटी वेगळा, 20 वर्षांची वॉरंटी, 60 टक्के आगाऊ, जुनं सामान ‘फुकट उचलून नेऊ’, आणि हा दर आठवडाभरच. बाई विचारतात: ‘घर 1,100 फुटांचं असताना त्याने 1,650 लावले, म्हणजे इथेच फसवलं ना? मिस्त्रीकाका प्रामाणिक आहेत, पण त्यांच्याकडे कागद मागायचा कसा? विश्वास ठेवायचा कुणावर?’

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात सोपा प्रश्न आधी संपवते. 1,650 मध्ये फसवणूक नाही.

तुमचे 1,100 फूट हे भिंतीचं माप. छप्पर भिंतीपाशी थांबत नाही. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून ते चारी बाजूंनी दोन-दोन फूट पुढे काढलेलं असतं. म्हणजे 48 बाय 29, झाले 1,392. त्यात छप्पर उतरतं. उतार 30 अंशांचा धरला, म्हणजे फुटाला साधारण सात इंच चढ, तर माप साडेपंधरा टक्क्यांनी वाढतं आणि 1,608 वर जातं. त्याने 1,650 लावले. 42 फुटांचा फरक राहतो, त्याच्या दराने पावणेबारा हजारांच्या आसपास. घासाघीस करायला तेवढा पुरे, पण चोर म्हणायला पुरेसा नाही. तुमच्या घराचा उतार थोडा जास्त असेल तर तोही फरक उरणार नाही.

हे आधी सांगितलं, कारण तुम्ही ज्या जागी संशय घेतलात तिथे काही नव्हतं आणि ज्या ओळी डोळ्याखालून सरळ गेल्या तिथे होतं.

‘जुनं सामान फुकट उचलून नेऊ.’ पत्रात तुम्ही हे जवळजवळ त्याचा चांगुलपणा म्हणून लिहिलंय. ताई, तुमच्या छपरावर अंदाजे सव्वादोन हजार मंगळुरी कौलं आहेत. चांगली असतील तर ती नगावर विकली जातात. त्याखाली आजोबांच्या काळातलं लाकूड आहे. साग असेल तर तसल्या तुळयांच्या मागावर फर्निचरवाले गावोगाव फिरत असतात. तो मलबा नेतोय असं तुम्हाला वाटतंय, तो माल नेतोय. द्यायचाच असेल तर किंमत ठरवून, त्याच्या बिलातून वजा करून द्या. आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक तुळईवर रंगाने नंबर घालून फोटो काढून ठेवा.

मग पत्रा. ‘रंगीत पत्रा’ म्हणजे काय? साड्यांच्या दुकानात जाऊन ‘रंगीत साडी’ म्हणण्यासारखं झालं. जाडी किती, कंपनी कुठली, लोखंडावर जस्ताचा लेप आहे की जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा, यातलं त्या कागदावर काहीच नाही. 0.50 मिलिमीटर सांगून 0.40 चा पत्रा चढवला तर अंगणातून तुम्हाला काय, मलाही कळणार नाही. पत्र्याच्या खालच्या बाजूला कंपनीचा छाप असतो, बहुतेक वेळा जाडीही छापलेली असते. माल उतरला की तो वाचायचा, आणि शंका असेल तर फॅब्रिकेशनवाल्याच्याच मायक्रोमीटरने त्याच्यासमोर मोजून घ्यायचं. ज्याच्याकडे मोजायला साधनच नाही त्याने जाडी सांगू नये.

जीएसटी वेगळा म्हणतोय तर त्याचा नंबरही कागदावर हवा. पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावाचा आहे ते दिसतं. अशा कामाला 18 टक्के लागतो, म्हणजे तुमचे 4 लाख 62 हजार प्रत्यक्षात 5 लाख 45 हजार आहेत. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य येईलच. त्याला भुललात तर पुढे भांडायला हातात कागद राहणार नाही.

राहिले 60 टक्के, म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर, एकही कौल न उतरवता. आणि आठवडाभराचा दर. पोलादाचे भाव वरखाली होतात हे खरं, म्हणून मुदत घालणं चुकीचं नाही. पण मुदतीचा धाक आणि मोठी आगाऊ रक्कम एकत्र आली की मी पेन खाली ठेवते.

आता मिस्त्रीकाका. यांच्याबद्दल लिहायला मला जास्त जड जातंय, कारण तुमचा जीव तिकडे आहे.

‘ते प्रामाणिक आहेत’ हे मी मान्य करते. पण तुम्हाला प्रामाणिक माणूस हवाय की 15 मेच्या आत पुरं झालेलं छप्पर? दोन्ही एकत्र मिळतातच असं नाही. आमच्या घरी काही वर्षांपूर्वी असंच ओळखीच्या, सज्जन माणसाला काम दिलं होतं. त्याने मेच्या मध्यावर मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, उघडलं आणि दुसऱ्या वाडीत सुरू केलेल्या कामावर गेला, ‘दोन दिवसांत येतो’ सांगून. तिसऱ्या रात्री वळीव आला. सकाळी भाताची कणगी खालपर्यंत ओली, आणि सासूबाई पदराने भिंतीवरच्या फोटोंच्या काचा पुसतायत. त्याने आम्हाला एक रुपयाला फसवलं नव्हतं. नुसती चार कामं एकदम घेतली होती, मेमध्ये कोकणात सगळेच घेतात तशी. नंतर तो येऊन रडला. कणगी ओली ती ओलीच.

म्हणून काकांना विचारायचं ते सचोटीबद्दल नाही. वर चढणार कोण? साठीपुढचे काका, की कुणी पोरं, आणि ती पोरं किती वर्षं त्यांच्या हाताखाली आहेत? एप्रिल-मेमध्ये दुसरी किती घरं घेतलीत? ‘चार वासे’ हा आकडा वर जाऊन बघून आलाय की अंगणात चहा पिताना? दोन आणि अडीच लाखांमध्ये पन्नास हजारांचं अंतर आहे, ते कशाने ठरणार?

कागद मागायचा कसा, हे तुमचं खरं दुखणं. भीड ही भिकेची बहीण, असं उगाच म्हणत नाहीत. पण इथे एक सोपी वाट आहे. काकांकडे मागू नका, तुम्हीच लिहा. ‘काका, भावाला तिकडे हिशोब पाठवायचा आहे, तुम्ही सांगा, मी लिहून घेते.’ वही काढा, पायरीवर बसा. ते सांगतील: वासे इतके, रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) इतक्या, आढ्याचे कोने (छपराच्या माथ्यावरची कौलं) काढून पुन्हा बसवायचे, फुटकी कौलं इतकी, मजुरी रोजावर की ठोक, सुरुवात कधी, शेवट कधी. शेवटी वाचून दाखवा आणि खाली दोघांच्या सह्या. अपमान झाल्यासारखं त्यांना वाटणार नाही, उलट बोलता बोलता त्यांनाच आठवेल की पन्हळ धरायची राहिली.

आता थोडं मागे जाऊ. तुम्ही माणूस निवडताय, पण काम कुठलं ते अजून ठरलेलं नाही. एकजण डागडुजी सांगतोय, दुसरा नवं छप्पर. ही एकाच कामाची दोन दरपत्रकं नव्हेत, त्यांची तुलना होऊच शकत नाही. फॅब्रिकेशनवाल्याला विचारलंत तर पत्राच सांगणार, कौलांच्या मिस्त्रीला विचारलंत तर कौलंच. दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

पत्रा म्हणजे कायमचा निकाल, असं तुमच्या भावाला वाटतंय. एक गोष्ट त्याला सांगा. मंगळुरी कौल अडीच किलोच्या आसपास असतं, म्हणजे आज तुमच्या घरावर साडेपाच टनांच्या आगेमागे वजन आहे. तेवढ्याच जागेवर पत्रा घातला की ते सहा-सातशे किलोंवर येतं. कौलारू छप्पर बरंचसं आपल्या वजनावर बसलेलं असतं. पत्र्याला तो आधार नाही, त्याला धरून ठेवावं लागतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा कौलंही गेली. पण कौल एकेक जातं, पत्रा आख्खा जातो आणि शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडतो. त्यामुळे लोखंडी सांगाडा भिंतीत किती खोल, कशाने पकडणार, हे पत्र्याच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. मातीच्या भिंतीत चार बोल्ट मारून तो पकडला जात नाही.

वॉरंटीबद्दलही. 20 वर्षं कोण देतंय ते वाचा. पत्र्याच्या कंपनीची असेल तर ती गंज आणि रंगाची असते, बसवण्याची नसते. पाणी मात्र पत्र्यातून येत नाही, स्क्रूच्या भोकातून आणि सांध्यातून येतं. स्क्रूखालचा रबरी वायसर काही उन्हाळ्यांत कडक होतो, तिरका किंवा जास्त आवळलेला असेल तर त्याआधीच. ते कुणाच्या वॉरंटीत बसतं? फॅब्रिकेशनवाल्याने स्वतःच्या सहीने ‘गळती निघाल्यास तीन पावसाळे विनामूल्य दुरुस्ती’ एवढं लिहून दिलं तरी मला त्या छापील वीस वर्षांपेक्षा ते बरं वाटेल.

आणि उष्मा. एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याखाली बसून बघा. पावसात तर आवाज असा की फोनवर बोलता येत नाही. तिथे राहणार आहे ती तुमची आई.

पण म्हणून ‘कौलंच ठेवा’ असं मी म्हणणार नाही. वानरांचा त्रास ज्यांनी सोसलेला नाही तेच जुन्या घराच्या सौंदर्यावर लेख लिहितात. पंधरा-वीसची टोळी एकदा छपरावरून गेली की पाच-पन्नास कौलं सरकतात, आणि चाळणारा गडी पूर्वीसारखा हाकेच्या अंतरावर मिळत नाही. याच कारणाने कोकणात अनेकांनी मधला मार्ग काढलाय: खाली पत्रा, त्यावर पट्ट्या मारून पुन्हा तीच कौलं. वरचं कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून निघून जातं, आवाज आणि उष्मा कमी, आणि वजन कौलांच्या वजनाच्या दहावा-आठवा हिस्साच वाढतं. तुमच्या दोन्ही माणसांपैकी कुणीच हे सुचवलेलं नाही, कारण एकाचं ते निम्मंच काम आणि दुसऱ्याचं निम्मंच.

मात्र हे सगळं लाकडावर अवलंबून आहे. तेव्हा एक शनिवार-रविवार काढून गावी जा, दरवाल्यांना बोलावण्याआधी.

पहिलं काम आईला विचारायचं. तुमच्या लांबलचक पत्रात आईचं मत एका ओळीतही नाही. कुठल्या पावसात, कुठल्या वाऱ्याला, कुठे ठिबकतं आणि तिथे ती कुठलं पातेलं ठेवते, हे तिला पाठ असणार. सरळ पावसात ठिबकतं की फक्त वाऱ्याच्या झडीबरोबर, एवढं जरी तिने सांगितलं तरी मिस्त्रीचं अर्धं काम झालं. झडीलाच गळत असेल तर बहुधा आढ्याचे कोने सुटलेत किंवा भिंत आणि छपराचा सांधा उघडा आहे. सगळं छप्पर बदलायची गरजही नसेल.

मग भर दुपारी दारं-खिडक्या लावून माजघरात उभ्या राहा आणि वर बघा. नसत्या जागी जिथून कवडसा येतो तिथून पाणी येतं. खाली पातेल्याच्या जागी खडूने खूण करा, वर कवडसा बघा. दोन्हींमध्ये अंतर दिसेल, कारण पाणी वाशावरून घसरत येऊन भलतीकडे पडतं.

त्यानंतर विजेरी आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणाला तरी माळ्यावर पाठवा. वासे आणि तुळया भिंतीत जिथे टेकतात ती टोकं आधी. वाळवी आणि ओल तिथूनच आत शिरते. स्क्रूड्रायव्हरचं टोक आत रुतलं की लाकूड गेलं. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत वाजलं तर आणखी एक पिढी काढेल, भद्द वाजलं तर आतून पोकळ. मोजा. चाळीस वाशांतले सहा गेले असतील तर काकांचं बरोबर. आढं आणि दोन तुळयाच गेल्या असतील तर काकांचे अडीच लाख पुरणार नाहीत, आणि फॅब्रिकेशनवाल्याशी नीट बोलायला हवं.

हा आकडा हातात आला की दोघांनाही बोलवा, आणखी एखादा तिसराही, आणि सगळ्यांना एकच काम सांगा. आकडा तुम्ही सांगू नका. कोण शिडी मागतो ते बघा. अंगणातून मान वर करून दर सांगणाऱ्याला चहा देऊन वाटेला लावा, तो काका असला तरी. देवळात जाऊन कौल लावला तरी यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळायचं नाही.

केलेली कामं बघायला मागाल तेव्हा गेल्या महिन्यातलं घर नको. तीन-चार पावसाळे काढलेलं दाखव म्हणावं. तिथे गेलात की छप्पर बाहेरून बघू नका, आत जा आणि घरातल्या बाईला विचारा की आता कुठे पातेलं ठेवावं लागतं का. पुरुषमाणसं ‘काम चांगलं केलंय’ म्हणतात, त्यांनीच ठरवलेला असतो तो माणूस.

पैशांचं असं करा. माल आणि मजुरी वेगळी. लाकूड, पत्रा, स्क्रू दुकानातून तुमच्या नावाच्या बिलावर, पैसे थेट दुकानाला. मजुरीचे दहा-पंधरा टक्के सुरुवातीला, पुढचे एकेक पाखं पुरं झालं की, आणि शेवटचे दहा टक्के मृगाचा पहिला मोठा पाऊस घरात न येता पडून गेल्यावर. हे आधीच लिहिलेलं असेल तर चांगला कारागीर कुरकुर करत नाही. सगळं बँकेतून किंवा यूपीआयने. संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच उघडायचं आणि ताडपत्री पहिल्या दिवशीच घरात आणून ठेवायची, हेही लिहा. आणि काम पुरं करायची तारीख 7 जूनची धरू नका. 2025 मध्ये 26 मेलाच मान्सून मुंबईत पोचला होता. 15 मे धरा.

यातूनही कुणी बुडवलंच, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे ठाण्याच्या आयोगात करता येते, रत्नागिरीला खेपा घालाव्या लागत नाहीत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 वर फोन करून आधी विचारताही येतं. पण तिथे वही, सह्या आणि बँकेची नोंद लागते. ‘वडिलांच्या वेळचे होते हो’ याला पुरावा म्हणत नाहीत.

माझा कौल विचाराल, तर लाकूड शाबूत निघालं तर काकांकडून यंदा वासे, कोने आणि सांधे करून घ्या, आणि वानरं ज्या बाजूच्या झाडांवरून येतात त्या पाख्यावर पत्रा घालून वर कौलं चढवा. पत्र्याचं तेवढं काम चिपळूणवाल्याला फुटावर विचारा. येईल तो, मेमध्ये रिकामा कुणीच नसतो, पण एप्रिलच्या सुरुवातीला छोटं कामही घेतात. लाकूड गेलेलं निघालं तर लोखंडी सांगाडा करा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त त्या सांगाड्यावर पुन्हा कौलं चढवायची का हे आत्ताच सांगा, कारण त्याला लोखंड जाड लागतं आणि नंतर बदलता येत नाही.

भावाला कवडशांचे आणि वाशांच्या टोकांचे फोटो पाठवा. वॉरंटीचा आग्रह हा लांब असलेल्या माणसाचा धीर असतो, फोटो बघून तो पुष्कळदा सैल होतो. खर्चाची वाटणीही त्याच फोटोंखाली लिहून टाका. आणि घरपट्टी अजून वडिलांच्या नावावर असेल तर त्याच फेरीत ग्रामपंचायतीत वारसांची नावं लावायचा अर्ज देऊन या.

काहीही ठरलं तरी शे-दोनशे चांगली कौलं गोठ्यात उभी रचून ठेवा. कौल उलटं केलंत तर पाठीवर कारखान्याचं नाव दिसेल. मंगळुरात बासेल मिशनने 1865 मध्ये पहिला कारखाना काढला, त्यानंतर कितीतरी निघाले आणि त्यातले बरेच बंदही पडले. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि तुमच्या घरावरचं नाव बाजारात आता मिळेलच असं नाही.